लहान रुळांवरची हौस

मोठ्या वस्तूंची लहान प्रतिकृती करण्याचा नाद माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. मातीचा बैल, लाकडाचा रथ, पितळेची भातुकली ही सारी त्या नादाचीच रूपे होत. दिवाळीच्या सुटीत आपण अंगणात किल्ला रचतो, तोही याच नादापायी. त्या किल्ल्यावरचा मावळा पुष्कळदा बुरुजाहून उंच असतो आणि घोड्यावरचा स्वार दरवाजातून आत मावत नाही. परंतु त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. किल्ला पाहणारा मनाने ती उणीव भरून काढतो.

जगात अशीही एक जमात आहे, की जिला ही उणीव मुळीच खपत नाही. ती म्हणजे आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या व जमविणाऱ्या हौशी लोकांची. इंजिनाची उंची, डब्याची रुंदी, खिडक्यांची संख्या, एवढेच नव्हे तर पत्र्यावरील खिळ्यांच्या रांगादेखील मूळ गाडीबरहुकूम असाव्यात, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांपैकी काहींचे मन दूरच्या प्रवासाच्या भव्य गाड्यांवर नसते. ते जडलेले असते शहरातल्या गाड्यांवर, म्हणजे ट्राम, उपनगरी गाड्या, भुयारी रेल्वे यांच्यावर. या मंडळींची एक जुनी व्यथा आहे. त्यांना हवी असलेली गाडी कारखानदार सहसा तयार करीत नाहीत. असे का होते, आणि त्यावर ही मंडळी काय उपाय करतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हा छंद कसा वाढला ते पाहू. खेळण्यातल्या आगगाड्या एकोणिसाव्या शतकातही होत्या. परंतु एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालेलच, असा भरवसा नसे. १८९१ साली जर्मनीतील लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन या कारखान्याने ठरावीक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली. आज थोडे रूळ घ्यावेत, पुढच्या वर्षी आणखी घेऊन जोडावेत, आणि अशा रीतीने आपली रेल्वे वाढवीत न्यावी, अशी ती योजना होती. या एका कल्पनेने खेळण्याचे रूपांतर छंदात झाले.

या छंदाचा पाया म्हणजे प्रमाण. जगात सर्वांत अधिक चालणारे प्रमाण १ : ८७ हे आहे. त्याला एचओ असे नाव आहे. मूळ वस्तू ८७ मिलिमीटर असेल, तर प्रतिकृतीत ती १ मिलिमीटर होते. या हिशेबाने १.६५ मीटर उंचीचा मनुष्य जेमतेम १९ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या बोटाच्या एका पेराहूनही लहान होतो. जगातील पुष्कळशा रेल्वेमार्गांवर दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले, की सुमारे १६.५ मिलिमीटर येतात. एचओ प्रमाणाच्या तयार रुळांची रुंदी नेमकी तेवढीच ठेवलेली असते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील रुंद रेल्वेमार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. यालाही ८७ ने भागून पाहा. उत्तर सुमारे १९.३ मिलिमीटर येईल. बाजारात मिळणारे रूळ तर १६.५ मिलिमीटरांचे! त्यांवर आपली गाडी उभी केली, तर थोराने पोराच्या वहाणा पायांत घालाव्यात तशी तिची अवस्था होते. म्हणून भारतीय गाडीची हुबेहूब प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याला पहिल्या पायरीवरच कोडे पडते. तयार रूळ वापरावेत आणि जवळजवळ तीन मिलिमीटरांची चूक पोटात घालावी, की रूळ आणि चाके दोन्ही स्वतःच्या हाताने घडवावीत? बहुतेक जण पहिला मार्ग पत्करतात. दुसरा मार्ग पत्करणारे थोडे असतात. मात्र त्यांच्या कामाचे मोल जाणकारांना कळते.

शहरी गाड्यांचे आकर्षण कशात आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत ट्रामला ट्रॉली म्हणतात. आपल्याकडे ट्रॉली म्हटले, की रुळांची पाहणी करण्यासाठी माणसे ढकलीत नेतात तो लहान गाडा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील नाव मात्र निराळ्या कारणाने पडले. ट्रामच्या छपरावर एक लांब दांडा असे आणि त्याच्या टोकावरचे छोटे चाक डोक्यावरील विजेच्या तारेला खालून टेकून धावत असे. त्या चाकाला ट्रॉली म्हणत. पुढे तेच नाव साऱ्या गाडीला मिळाले. १८८८ साली फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने रिचमंड शहरात विजेच्या ट्रामची मोठी व्यवस्था यशस्वी करून दाखविली आणि थोड्याच वर्षांत शहरोशहरी घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आल्या.

या ट्रामचा एक गुण प्रतिकृती करणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो. तिला जागा थोडी लागते. मोठ्या आगगाडीला वळण्यासाठी शेकडो मीटर त्रिज्येचे वळण लागते. ट्राम मात्र रस्त्याच्या कोपऱ्यावर बारा-पंधरा मीटरांत वळते. बारा मीटरांना ८७ ने भागले, तर चौदा सेंटिमीटरही पुरे होत नाहीत. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या मेजावर एखाद्या शहराचा चौक, त्याभोवतीची दुकाने आणि त्यातून वळसा घेणारी ट्राम हे सारे सुखाने मावेल. ज्याच्या घरात जागेची चणचण आहे, त्याला याहून सोयीची रेल्वे सापडणार नाही.

मग कारखानदार अशा गाड्या भराभर का काढीत नाहीत? याचे उत्तर साच्यात आहे. प्लॅस्टिकची गाडी करायची, तर आधी पोलादाचा साचा कोरावा लागतो. त्या साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने सोडतात आणि ते थंड झाले, की डब्याचे अंग तयार होते. साचा एकदा झाला, म्हणजे त्यातून हजारो अंगे निघतात. परंतु साचा करण्याचा खर्च फार मोठा असतो. केवळ उदाहरणादाखल समजा, की साच्याला वीस लाख रुपये पडले. गाड्या वीस हजार खपल्या, तर प्रत्येक गाडीवर साच्याचे शंभर रुपये बसतात. परंतु पाचशेच खपल्या, तर तोच भार एका गाडीवर चार हजार रुपये होतो. गाडी तीच, साचा तोच; फक्त गिऱ्हाइके कमी. म्हणून कारखानदार नवी गाडी निवडताना ती किती सुंदर आहे याहून ती किती जण घेतील, याचा विचार अगोदर करतो. तो त्याच्या ठिकाणी चुकतो असे नाही. बुडालेला कारखाना कोणाचीच गाडी तयार करू शकत नाही.

शहरी गाड्यांच्या बाबतीत हा हिशेब बहुधा प्रतिकूल पडतो. मालगाडीचा एखादा डबा देशभर फिरतो. तो कोणत्याही प्रांतातल्या हौशी माणसाला आपला वाटतो. ट्राम मात्र आपल्या शहराची वेस ओलांडीत नाही. मेलबर्नची ट्राम मेलबर्नच्या माणसाला प्रिय, तर कोलकात्याची कोलकात्याच्या माणसाला. भुयारी रेल्वेची तर आणखी मौज आहे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तेथील काही मार्गांचे बोगदे अरुंद आणि काहींचे रुंद आहेत. त्यामुळे त्या एकाच शहरात लहान व मोठ्या अशा दोन मापांचे डबे चालतात. एका मापाची प्रतिकृती निघाली, तर दुसऱ्या मार्गावर रोज जाणारा म्हणतो, “आमची गाडी कोठे आहे?”

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो फार बोधप्रद आहे. १९२९ साली अमेरिकेतील ट्रामकंपन्यांच्या अध्यक्षांची एक समिती बसली. मोटारगाड्यांच्या स्पर्धेत ट्राम टिकवायची, तर सर्व शहरांनी मिळून एक उत्तम नमुना तयार करावा, असा त्यांचा विचार होता. त्या समितीच्या नावावरून नव्या ट्रामला पीसीसी हे नाव मिळाले. १९३६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती प्रथम धावली. पुढे उत्तर अमेरिकेत सुमारे ५,००० पीसीसी ट्राम तयार झाल्या आणि बॉस्टन, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, शिकागो, टोरांटो अशा अनेक शहरांत त्या चालल्या. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९५ साली जुन्या ट्रामचा एक खास मार्ग सुरू झाला. त्यावरील पीसीसी ट्राम निरनिराळ्या शहरांच्या जुन्या रंगांत रंगविलेल्या आहेत.

प्रतिकृतींच्या कारखानदारांना हीच गाडी सोयीची वाटली. साचा एक करावा, आणि रंग व अक्षरे बदलून तीच गाडी दहा शहरांच्या लोकांना विकावी! म्हणून पीसीसीच्या प्रतिकृती पुष्कळ निघाल्या, आणि ज्या ट्राम एकेका शहरापुरत्या घडविलेल्या होत्या, त्या मागे राहिल्या. समितीने जे ऐक्य खऱ्या ट्रामसाठी साधले, त्याचा लाभ असा तिच्या लहान बहिणीलाही झाला. हौशी मंडळी मात्र म्हणतात, “ही गाडी सुंदर आहेच, परंतु सगळ्या चौकांत तीच किती वेळ पाहावी?”

या मंडळींचे मागणे ऐकले, तर ते हट्टाचे नाही असे दिसून येते. गाडीचे माप बरोबर असावे. ती लहान वळणावर न अडखळता वळावी. ट्रामच्या खिडक्या मोठ्या असल्यामुळे आतले सारे दिसते. म्हणून यंत्र आसनांच्या जागी न ठेवता जमिनीखाली लपवावे. गंतव्य स्थानाची पाटी बदलता यावी. अनेक डब्यांची गाडी असेल, तर यंत्र एका डब्यात बसवून बाकीचे डबे स्वस्तात सुटे द्यावेत. चाक झिजले, तर चाक वेगळे मिळावे.

यांतील डब्यांची अडचण मुंबईच्या उपनगरी गाडीवरून चांगली कळते. तिचा डबा सुमारे २० ते २१ मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो. एचओ प्रमाणात तो सुमारे २४ सेंटिमीटर लांब व ४२ मिलिमीटर रुंद होईल. बारा डब्यांची गाडी करू म्हटले, तर ती जवळजवळ तीन मीटर भरेल! तिच्यासाठी फलाट करायचा, तर घरातील एक भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत द्यावी लागेल. आणि बारा डब्यांची किंमत मोजायची ती निराळीच. म्हणून पुष्कळ जण तीन किंवा सहा डब्यांवर समाधान मानतात.

अडचण आणखी एका ठिकाणी आहे. ट्रामचे रूळ रस्त्यात पुरलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना फरसबंदी असते आणि वर तारांचे जाळे असते. असे रूळ व अशा तारा सहज मिळत नाहीत, म्हणून लोक ट्राम घेत नाहीत. आणि लोक ट्राम घेत नाहीत, म्हणून कोणी तसे रूळ तयार करीत नाही. आधी बी की आधी झाड, असा हा पेच आहे.

अशा वेळी खरा हौशी मनुष्य हातावर हात ठेवून बसत नाही. जपानमध्ये व नंतर दक्षिण कोरियात कुशल कारागीर पितळेचे पत्रे कापून, डाक देऊन, थोड्याच संख्येने प्रतिकृती घडवीत. त्यांना पोलादी साचा लागत नसे; परंतु मजुरी फार पडत असल्याने त्या महाग असत. ज्याला ते परवडत नसे, तो एका गाडीचे छप्पर, दुसरीची चाके आणि तिसरीच्या खिडक्या जोडून आपली गाडी तयार करी. कोणी साध्या पुठ्ठ्यातून सुरेख डबे कापी. आता संगणकावर चित्र काढून त्यावरून थरावर थर रचीत वस्तू घडविणारी यंत्रे आली आहेत. या त्रिमितीय छपाईने साच्याची अट पुष्कळशी दूर केली. दहा जणांनाच हवी असलेली गाडी दहाच करता येते. कारखानदारांनीही आपली रीत काही अंशी बदलली आहे. काही जण नवी गाडी अगोदर जाहीर करतात, पुरेशी नोंदणी झाली तरच ती हाती घेतात. म्हणजे मनातली इच्छा नुसती बोलून न दाखविता ज्यांनी आपले नाव नोंदविले, त्यांच्याच इच्छेला तेथे वजन येते.

परंतु यंत्र कितीही चांगले असले, तरी त्याला मापे कोणी तरी पुरवावी लागतात. आणि खरी निकड येथे आहे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि १९२० साली दुमजली ट्रामही धावू लागली. हजारो माणसे तिच्यातून रोज कामाला जात, मुले शाळेला जात. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली आणि मुंबईतील नव्वद वर्षांचा हा इतिहास संपला. आज त्या ट्रामची प्रतिकृती करायची, तर ती जाऊन मोजता येत नाही. जुने आराखडे, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. पायरी जमिनीपासून किती उंच होती? वाहकाच्या घंटेची दोरी कोठून जात होती? ज्यांनी हे पाहिले, त्यांनी ते लिहून ठेवले नसेल, तर कोणत्याही कारखान्याच्या पैशाने ते परत मिळणार नाही.

हेच उपनगरी गाड्यांचे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली. तिला १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागे. २०१६ साली मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील त्या प्रवाहाचा शेवट झाला आणि २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने त्याची जागा घेतली. तपकिरी-पिवळ्या डब्यांच्या जोडीला पांढरे-जांभळे डबे आले. २०१७ च्या डिसेंबरात वातानुकूलित गाडीही आली. बदल होणे योग्यच आहे, त्यात प्रवाशांचे सुख आहे. परंतु जाणाऱ्याची नीट नोंद करून त्याला निरोप द्यावा, एवढे तरी आपल्या हाती असते.

नोंद करण्याला मोठी साधने लागत नाहीत. एक उदाहरण घ्या. गाडीचे अगदी समोरून घेतलेले एक छायाचित्र मिळवा. रुळांमधील अंतर १.६७६ मीटर असते, हे आपल्याला ठाऊक आहे. समजा, छायाचित्रात ते २ सेंटिमीटर भरले आणि डब्याची रुंदी ४.४ सेंटिमीटर भरली. म्हणजे डबा रुळांच्या २.२ पट रुंद आहे. १.६७६ ला २.२ ने गुणले, की सुमारे ३.६९ मीटर येतात. खरी रुंदी ३.६६ मीटर आहे. एका साध्या पट्टीने आपण केवळ तीन सेंटिमीटरांच्या फरकाने उत्तराजवळ पोहोचलो. आणि प्रतिकृतीत तर हा फरक मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढाच उरतो. वर्गात शिकलेले त्रैराशिक येथे असे कामी येते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : मापे घेण्याच्या नादात रुळांवर कधीही उतरू नये. फलाटावर सुरक्षित उभे राहून डोळ्यांनी जेवढे टिपता येईल, तेवढे पुरेसे आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या छंदाचे एक सुंदर स्थान आहे. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. एका माणसाच्या चिकाटीतून किती मोठे काम उभे राहू शकते, हे तेथे कळून येते.

मुलांनो, बाजारात जे मिळते तेवढेच जगात आहे, अशी आपली समजूत होऊ लागली आहे. हौशी मंडळी ही समजूत खोटी ठरवितात. आपली गाडी कारखानदाराच्या यादीत नाही, म्हणून ते तिला विसरत नाहीत. ते तिचे फोटो गोळा करतात, तिची मापे काढतात, समान आवडीच्या लोकांना शोधून काढतात, आणि कोणीच पुढे झाले नाही, तर पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन स्वतः कामाला बसतात. त्यांची ट्राम कदाचित किंचित वाकडी होईल. तिच्या खिडक्या कारखान्यातल्यासारख्या गुळगुळीत नसतील. परंतु बोरीबंदरहून दादरला निघालेली ती गाडी, टीचभर लांबीची का होईना, पुन्हा एकदा धावू लागेल. येत्या दिवाळीत किल्ला रचाल, तेव्हा पायथ्याशी थोडी जागा रुळांसाठी राखून ठेवा. आणि मावळ्याची उंची मात्र एकदा पट्टीने मोजून पाहा.